मोर छाप आणि मुकुट छाप

मी टॉर्च बोलतोय. टॉर्च म्हटलं की तुम्हाला लाइट गेल्यावर शोधायची बॅटरी आठवेल, पण मी ती नव्हे. मी वेल्डिंगवाल्यांचा गॅस टॉर्च. पितळेचा दांडा, मागे दोन नळ्या, एकीतून ऑक्सिजन येतो, दुसरीतून गॅस. दोघांना आवरायला दोन चाव्या, आणि पुढे बदकाच्या मानेसारखी वाकलेली तांब्याची टिप. त्या टिपेला सुईएवढं भोक आहे. माझं सगळं आयुष्य त्या भोकातून बाहेर पडलं.

माझा जन्म जामनगरचा. तिथे घरोघरी पितळ ओततात म्हणाना. वाळूच्या साच्यात मला ओतलं, लेथवर घासलं, भोकं पाडली आणि शेवटी माझ्या दांड्यावर एक छोटा मोर ठोकला. म्हणून मी मोर छाप. कारखाना लहान होता, मालक स्वतःच प्रत्येक टॉर्च कानाला लावून फुंकर मारून बघायचा. त्याची फुंकर हा माझा पहिला श्वास.

तिथून खोक्यात बसून मी भाईंदरला आलो, केबिन रोडच्या जितेशभायच्या हार्डवेअरच्या दुकानात. काचेच्या कपाटात आम्ही तिघं शेजारी होतो. एका बाजूला मुकुट छाप, परदेशातून आलेला, मखमलीच्या खोक्यात झोपलेला. दुसऱ्या बाजूला ढाल छाप, दिसायला माझ्यासारखाच पण हातात घेतला तर पोकळ वाटणारा. मधे मी.

एके दिवशी दोन माणसं आली. लवू आणि परशुराम. दोघंही संगमेश्वरकडचे, एकाच नदीच्या दोन काठांवरचे. भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात बरीच वर्षं एकत्र नोकरी केली आणि आता दोघांनी मिळून एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्वतःचा गाळा घेतला होता. टॉर्च एकच घ्यायचा होता. तिथेच भांडण सुरू झालं.

लवूने मुकुट छाप उचलला तो खाली ठेवीचना. चावी बघ कशी लोण्यासारखी फिरते, असं तो परशुरामला सांगत होता. परशुरामने मला उचललं, तळहातावर तोललं आणि म्हणाला की हा दिवसभर धरला तरी मनगट दुखणार नाही, तुझा तो लोखंडी खलबत्ता आहे. जितेशभाय दोघांकडे बघत चहा पीत राहिला. गिऱ्हाइकांच्या भांडणात पडायचं नाही, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं. शेवटी तो म्हणाला, "बोलून काय समजणार? पाछळ सिलिंडर छे, जलाके देखो."

दुकानाच्या मागच्या बोळात आम्हा तिघांना नळ्या लावल्या. आधी चाव्यांवर साबणाचं पाणी टाकलं. ढाल छापच्या चावीतून बुडबुडे आले, म्हणजे गॅस झिरपत होता. तो परत कपाटात गेला. मग मुकुट छाप पेटला. त्याची ज्योत निळी, टोकदार, जागची हलत नव्हती. जणू कुणी रेघ मारून ठेवली आहे. मग मी पेटलो. माझी ज्योत मऊ होती, थोडी रुंद, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा पेटताना मी 'फट्' केलं. लवू हसला. परशुराम म्हणाला, "हसू नको. याची टिप झिजली तर इथे कुठल्याही दुकानात मिळेल. तुझ्या साहेबाची टिप आणायला काय विमानाने जाणार?"

वाद मिटला नाही. म्हणून त्यांनी दोघांनाही घेतलं.

गाळ्यात भिंतीला दोन खिळे होते. एकावर मुकुट, एकावर मी. खाली सिलिंडरची एकच जोडी. त्यामुळे लवू काम करायचा तेव्हा परशुराम कानशीने जोड घासत बसायचा, आणि परशुरामच्या वेळी लवू. जो घासत असेल तो बोलायचा. तुझ्या मोराने परत फटाका फोडला. तुझा मुकुट सुलतान आहे, दोन माणसं लागतात उचलायला. अशी त्यांची वर्षं गेली. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, हे दोघं आज वेगळे होणार. पण दुपारी एकाच डब्यात दोघांचे हात असायचे.

कामं तरी किती तऱ्हेची. सायकलींच्या मोडलेल्या चौकटी, हलवायांच्या कढयांचे कान, फ्रिजच्या तांब्याच्या नळ्या. वरसावेच्या पुलाजवळ ट्रक बंद पडला की कुणीतरी निरोप आणायचा, मग सिलिंडर टेम्पोत टाकून आम्ही तिकडे. घोडबंदर रोडच्या कडेला, ट्रकच्या पोटाखाली उताणा पडून लवू सायलेन्सर जोडायचा आणि ट्रकवाला त्याच्या तोंडात बिडी धरायचा. माणसांची एक सवय मी तेव्हा बघितली. काम होईपर्यंत ती उकिडवी बसून टक लावून बघतात, आणि जोड लागला की त्या जागेकडे पुन्हा कधी बघतही नाहीत.

लवूची बायको सुगंधा. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि परत जायची घाई करायची नाही. आधी नुसती बसायची. मग जोडाची जागा तारेच्या ब्रशने घासून द्यायला लागली. मग आमच्या टिपा साफ करायला लागली. टिपेच्या भोकात काजळी बसते, ती बारीक सुईने काढावी लागते. जोर लावला तर भोक मोठं होतं आणि ज्योत बिघडते. लवू घाईचा, परशुराम आळशी. सुगंधाचा हात मात्र कान टोचणाऱ्या सोनारासारखा हलका. ती आली की मला बरं वाटायचं. दिवसभराचा घसा मोकळा व्हायचा.

एका उन्हाळ्यात लवू काम करता करता थांबला. छातीत कळ येतेय म्हणाला. त्याने मुकुटाच्या दोन्ही चाव्या बंद केल्या, त्याला खिळ्यावर टांगलं आणि मग खाली बसला. परशुरामने रिक्षा आणली. दवाखान्यात पोचेपर्यंत लवू गेला होता.

त्यानंतर गाळा बरेच दिवस बंद होता. उघडला तेव्हा परशुराम एकटाच काम करायचा. बोलणारं कुणी नव्हतं. मी फट् केलं की तो सवयीने मागे वळून बघायचा.

मग एका सकाळी सुगंधा आली. हातात डबा नव्हता. परशुरामने स्टूल पुढे केलं आणि घाईघाईने सांगायला लागला की लवूचा हिस्सा दर महिन्याला घरी पोचेल, तिने काळजी करायची नाही, संचिताचं शिक्षण थांबणार नाही. संचिता म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. सुगंधाने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "भावजी, घरी बसून घ्यायला मी काय पाहुणी आहे? मला काम द्या."

इस्टेटमधले लोक काय म्हणतील, हे परशुरामच्या तोंडावर दिसत होतं. पण ते तो बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने उठून खिळ्यावरून मुकुट छाप काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. नवऱ्याची वस्तू, तिलाच दिली पाहिजे, असं त्याला वाटलं असणार.

तिने तो घेतला. तो जड, तिचं मनगट खाली गेलं. पण तेवढंच नव्हतं. त्याच्या चावीवर लवूच्या अंगठ्याने झिजून एक खळगा पडला होता. तिचा अंगठा बरोबर त्यात बसला आणि ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने तिने तो परशुरामच्या हातात परत दिला आणि मला खिळ्यावरून काढलं.

"मला हा द्या," ती म्हणाली. "तो तुम्ही चालवा."

अशी आमची अदलाबदल झाली. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली तो मुकुट परशुरामच्या हाती आला. त्याने पेटवला तो दिवस मला आठवतो. निळी रेघ उमटली, जरासुद्धा हलली नाही. सायकलची एक चौकट त्याने अखंड जोडली, ज्योत विझवली, चष्मा वर केला आणि त्या जोडाकडे बघत बसला. "चांगला आहे रे," तो हळूच म्हणाला. ते कुणासाठी होतं हे सुगंधाला कळलं. ती घासत होती, तिने मान वर केली नाही.

सुगंधाला शिकायला वेळ लागला. पहिल्या पहिल्यांदा ज्योत पिवळी राहायची, काजळी उडायची. जोड भरायची पितळेची काडी आधी वितळायची, नळी तापायचीच नाही. दंडावर ठिणग्यांचे डाग पडले. परशुराम तिला शिकवताना कधी हात धरत नसे, शेजारी उभा राहून नुसतं सांगायचा, "वहिनी, काडीला नको, नळीला तापवा. नळी तापली की काडी आपणहून पळते." मला तिच्या हाताची सवय झाली आणि तिला माझ्या खोडीची. अडचणीच्या जागेत माझी टिप तापली की मी फट् करतो, हे तिने ओळखलं. ती मधेच मला बाजूला धरायची, दम खाऊ द्यायची. इतक्या वर्षांत परशुरामला हे सुचलं नव्हतं, तो मला शिव्या द्यायचा. तरी गिऱ्हाइकं तिच्या हाती काम द्यायची नाहीत. येणारा माणूस दाराशी उभा राहून विचारायचा, मिस्त्री कुठे आहेत.

पुढे परशुरामच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की बरेच दिवस ज्योतीकडे बघायचं नाही. तो हिरवी पट्टी लावून गाळ्याच्या दाराशी बसून राहायचा. नेमका तेव्हाच हरिश्चंद्र आला.

हरिश्चंद्र जुन्या भाईंदरचा कोळी. स्वतःची बोट, दोन मुलगे बरोबर जाणारे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपत आली होती, नारळी पौर्णिमा तोंडावर, आणि त्याच्या बोटीच्या इंजिनाला थंड ठेवणारी तांब्याची नळी वळणाशी चिरली होती. ती नळी समुद्रात फुटली तर इंजिन तापून बंद पडतं, आणि किनारा दिसत नाही तिथे बोट लाटांच्या स्वाधीन होते. त्याने परशुरामची पट्टी बघितली आणि नळी पुन्हा गोणपाटात गुंडाळायला लागला.

परशुराम म्हणाला, वहिनी करतील.

"ऱ्हाऊदे," हरिश्चंद्र म्हणाला. "दोन पोरं हायेत माझी त्या बोटीवर. बायच्या हातचं काम मला म्हायत न्हाय."

सुगंधाला राग आला नाही. तिने सांगितलं की तुम्ही दुसरीकडे दाखवून या, मी इथेच आहे. तो गेला, आणि संध्याकाळच्या आत परत आला. सगळ्या गाळ्यांत बंदी संपायच्या आधीची गर्दी, कुणी आठवड्याच्या आत हात लावायला तयार नव्हतं. तो उंबऱ्यावर परशुरामच्या शेजारी बसला.

तिने चीर पार चकचकीत होईपर्यंत घासली. चांदी मिसळलेली काडी घेतली. मला पेटवलं आणि ज्योत जमेपर्यंत दोन्ही चाव्या इतक्या सावकाश फिरवल्या की मलाच माझी ज्योत मुकुटासारखी वाटली. जागा अडचणीची होती, नळीचं वळण माझ्या टिपेला खेटलेलं. मी तापत होतो. फट् करणार असं वाटलं की ती मला बाहेर काढायची, आणि नळी थंड व्हायच्या आत परत आत न्यायची. काडी वितळली आणि चिरेत पळाली, दुधावर साय पसरावी तशी.

थंड झाल्यावर नळीचं एक तोंड बंद करून ती पाण्याच्या पिंपात बुडवली आणि दुसऱ्या तोंडातून हवा सोडली. सगळे वाकून बघत होते. परशुरामसुद्धा, त्या पट्टीतून त्याला काय दिसणार होतं कुणास ठाऊक. पाणी शांत राहिलं. मग जोडाच्या कडेने एक बुडबुडा आला. बारीक, मोहरीएवढा. बऱ्याच वेळाने दुसरा.

हरिश्चंद्रच म्हणाला, "येवढं चालतंय. मी जुनी नळी याहून वायट चालवली."

सुगंधाने नळी बाहेर काढली, पुसली, मला पुन्हा पेटवलं आणि लावलेला सगळा जोड वितळवून काढून टाकला. इतका वेळ घालवून केलेलं काम तिने एका क्षणात उतरवलं. मग पुन्हा घासायला बसली.

"चालतंय सांगतो ना, बाय," तो म्हणाला.

"तुमचं चालेल, हरिश्चंद्रदादा. तुमची पोरं पाण्यात असताना मला इथे झोप नाही लागणार."

तिने जोड दुसऱ्यांदा लावला. या खेपेला पिंपातलं पाणी आरशासारखं राहिलं. हरिश्चंद्रने नळी गोणपाटात न गुंडाळता तशीच खांद्यावर घेतली आणि गेला.

पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या. तेवढे दिवस गाळ्यात कुणी त्या नळीचा विषय काढला नाही. पण समुद्राकडून वारा जोरात आला की सुगंधा कामात थांबायची, आणि परशुराम पट्टीवरून बोट फिरवत बसायचा. एक दिवस तर तो रिक्षा करून खाडीवर जाऊन आला, औषध आणायला गेलो होतो म्हणाला. हातात औषध नव्हतं.

बोट आली. हरिश्चंद्र बर्फात घातलेली पापलेटं घेऊन गाळ्यावर आला. इंजिनाबद्दल तो एकच वाक्य बोलला, की पाणी गार येत होतं. पुढच्या वर्षी तो दुसरं काम घेऊन आला तेव्हा परशुराम बरा होऊन दाराशीच उभा होता. त्याच्याकडे बघून हरिश्चंद्रने विचारलं, "ती बाय हाय का?" परशुराम इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

ते दिवस फार छान होते. बेव्हर्ली पार्कच्या इमारतींत एसी लागायला लागले, त्यांच्या तांब्याच्या नळ्या जोडायला सुगंधालाच बोलावणं यायचं. गाळ्यात सिलिंडरची दुसरी जोडी आली. आता मुकुट आणि मी एकाच वेळी पेटायचो, एक इकडे, एक तिकडे, आणि भांडण पुन्हा सुरू झालं. फक्त आता परशुराम मुकुटाच्या बाजूने बोलायचा. याला म्हणतात ज्योत, वहिनी, तुमचा मोर म्हातारा झाला. सुगंधा म्हणायची, तुमच्या मुकुटाची टिप गेली तेव्हा कुणाकडे धावलात? ते खरं होतं. मुकुटाची टिप झिजली तेव्हा ती कुठेच मिळेना, जितेशभायने ओळखीच्या लेथवाल्याकडून हुबेहूब घडवून आणली होती. कधी कधी सुगंधाचं बोलणं ऐकून मी चकित व्हायचो. तो सूर, ती टोचायची रीत, थेट लवूची.

आता ते सगळं सरलं. परशुराम थकला आणि बायकोला, चंद्रावतीवहिनींना, घेऊन गावी गेला. जाताना त्याने मुकुट हातात घेऊन सुगंधाला विचारलं, हा नेऊ का. गावी काही काम नव्हतं त्याला, तिथे सिलिंडरही नव्हता. सुगंधाने लगेच होकाराची मान हलवली आणि टिपा साफ करायची एक सुई खोक्यात घालून दिली. तो गेल्यावर माझ्या शेजारचा खिळा रिकामा राहिला. त्यावर तिने कधी काही टांगलं नाही.

माझ्यावर मोर ठोकणारा कारखाना बंद पडला. माझ्या चावीचे आटे गेलेत, ते कुठे मिळत नाहीत. बहुतेक गाळ्यांत आता विजेच्या मशीन आल्या. एसीवाली पोरं पाठीवरच्या पिशवीत मावणारा बाटलीचा टॉर्च घेऊन फिरतात, आणि कामही झटपट करतात. माझी तक्रार नाही. आमची इस्टेटही पाडून तिथे टॉवर होणार आहे. संचिता नोकरीला लागली, ती आईला सांगून थकली होती की आता पुरे. गेल्या महिन्यात सुगंधाने हो म्हटलं.

शेवटचं काम परवा आलं. पिंकी नावाची एक बाई मीरा रोडवरून गाडीतून आजीचा तांब्याचा बंब घेऊन आली. त्याचा एक पाय निखळला होता, आणि तळाला भोक होतं. सुगंधाने आधी पाय जोडला आणि मग तळ घासायला घेतला. तर ती बाई म्हणाली, "काकू, ते भोक राहू द्या. गॅलरीत झाड लावायचंय त्यात, जास्तीचं पाणी जायला पाहिजे."

सुगंधा थांबली. मग म्हणाली, कुठलं झाड लावणार? मोगरा, असं ती बाई म्हणाली. सुगंधाने भोकाच्या काठावरचे बोचरे कोपरे तेवढे माझ्या ज्योतीने गोल करून दिले, पाणी घालताना हात कापू नये म्हणून.

वाचकहो, तुमच्या घरात भिंतीआड, माळ्यावर, फ्रिजच्या पाठीशी असे किती तरी जोड आहेत. ते लावणारा हात तुम्ही बघितला नसेल. कधी पाणी गार आलं, हवा गार आली, तर त्या हाताची आठवण काढा. माझी नाही काढली तरी चालेल.

बंब गाडीत गेल्यावर सुगंधाने शटर अर्धं खाली ओढलं. तिने आधी माझी गॅसची चावी बंद केली, मग ऑक्सिजनची. ज्योत गेली. मग तिने दोन्ही सिलिंडर बंद केले, आणि नळ्यांत अडकून राहिलेला वायू निघून जावा म्हणून माझ्या चाव्या एकेक करून पुन्हा उघडल्या. आधी एक नळी रिकामी झाली, मग दुसरी. लांब, सावकाश, एकेक सुस्कारा. ती शेवटपर्यंत मला हातात धरून उभी होती. आवाज पुरता थांबल्यावरच तिने माझ्या चाव्या मिटल्या.